चला, बोटीवर सुट्टीला!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण बोटीत बसले आहेत? घारापुरीच्या लाँचमध्ये, तारकर्लीच्या होडीत किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलेल्यांनी हात वर करा पाहू! अरे वा, बरेच हात वर झाले. आता सांगा, बोटीवर रात्रभर राहिलंय कोण? संध्याकाळी बोटीत चढायचं, वरच्या मजल्यावर जेवायचं, खालच्या मजल्यावर झोपायचं आणि सकाळी डोळे उघडावेत तर चारही बाजूंना नुसता समुद्र! झाले ना हात खाली?

तुमच्या आजी-आजोबांना मात्र हा प्रश्न जरूर विचारा. त्यांचं गाव कोकणात किंवा गोव्यात असेल, तर त्यांचा हात नक्की वर होईल. पूर्वी मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जायला आगबोटी होत्या. 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ही नावं त्यांना अजून आठवत असतील. हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट पणजीला पोहोचायची. काही बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला यायची. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या आणि रडणारी पोरं, सगळी त्याच पडावात!

ती बोट म्हणजे समुद्रावरची एस.टी. गावाला पोहोचवणं एवढंच तिचं काम. क्रूझची गोष्ट वेगळी आहे. इथे बोटीवर राहणं हीच सुट्टी. त्याच बोटीवर खोली, उपाहारगृह, पोहण्याचा तलाव, नाटकघर, मुलांची खेळायची जागा असं सगळं असतं. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये अशा फेऱ्या सुरू झाल्या त्या 'एम्प्रेस' नावाच्या बोटीने. ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली. लांबी सुमारे २११ मीटर, म्हणजे सतरा-अठरा एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढी. आणि मजले ११! सप्टेंबर २०२५ मध्ये तर मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचंही उद्घाटन झालं.

तेव्हा यंदा तुमच्या घरीही "आपण जाऊ या का?" असा विषय निघाला असेल, तर नुसत्या उड्या मारू नका. आईबाबांना मदत करा. कारण समुद्राचा एक नियम आहे : मधे उतरता येत नाही. एस.टी.त काही विसरलं, तर पुढच्या थांब्यावर दुकान सापडतं. बोटीवर आजीची गोळी राहिली, चश्मा राहिला किंवा पैसे कमी पडले, तर रात्री दोन वाजता समुद्रात दुकान कुठून आणणार? म्हणून या सुट्टीची निम्मी मजा घरी करायच्या तयारीवर ठरते. ती कशी करायची ते पाहू.

आधी ऋतू, मग तारीख

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. जुन्या आगबोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असत. कोळीबांधवांची रीतही तुम्हाला माहीत आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होड्या पाण्यात लोटायच्या. ही काही नुसती श्रद्धा नव्हे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या जुन्या माणसांना तो दिवस अजून विसरता येत नाही.

आजच्या बोटी कितीतरी मोठ्या आणि भक्कम आहेत. हवामानाचा अंदाजही आधी कळतो. तरीसुद्धा मुंबई-गोवा फेरीसाठी पावसाळा संपल्यानंतरचेच महिने बरे. डिसेंबर-जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो आणि हवाही छान असते. नाताळची सुट्टी मिळतेच, पण त्याच दिवसांत सगळ्यांना जायचं असल्यामुळे तिकिटं महाग होतात. शाळा बुडवायची नसेल, तर शनिवार-रविवारला जोडून येणारी एखादी सुट्टी कॅलेंडरात शोधा. हे काम तुमचं!

आणि हो, वादळाची सूचना आली तर कप्तान मार्ग बदलतो, एखादं बंदर गाळतोसुद्धा. अशा वेळी तोंड पाडून बसायचं नाही. बोटीवरच्या सगळ्यांची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याचा शब्द शेवटचा.

पहिली सफर दोन किंवा तीन रात्रींची पुरे. आवडली तर पुढच्या वेळी लक्षद्वीप किंवा श्रीलंका आहेच.

पैशांचा कागद

आता एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा, 'तिकिटात आहे'. उजव्या बाजूला लिहा, 'वेगळे पैसे'.

खोली, मुख्य उपाहारगृहातलं जेवण, तलाव आणि बरेचसे कार्यक्रम साधारणपणे तिकिटातच येतात. बंदराचे आकार, जी.एस.टी. आणि नोकरवर्गाची बक्षिसी कधी तिकिटात धरलेली असते, कधी नसते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आणि शेवटी भरायची रक्कम यांत म्हणूनच बराच फरक पडू शकतो. उजव्या रकान्यात येतात : इंटरनेट, काही खास उपाहारगृहं, बाटलीबंद पेयं, कपडे धुणं, छायाचित्रकाराने काढलेले फोटो, बोटीवरच्या डॉक्टरांची फी आणि बंदरात उतरून केलेल्या सहली.

बोटीवर खिशातून नोटा काढायच्या नसतात. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. गंमत अशी, की कार्ड दाखवताना पैसे जातात हे जाणवतच नाही. हिशेब शेवटच्या दिवशी हातात पडतो. म्हणून दर दिवशीचा वरखर्च घरीच ठरवा. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद ठेवायची सोय असते, ती आईबाबांनी मागून घ्यावी. तुम्ही रागावू नका बरं का! त्याऐवजी तुमच्या वाट्याचे पैसे आधीच ठरवून घ्या आणि ते कशावर खर्च करायचे ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं करून रक्कम फार मोठी होत असेल, तर तसं मोकळेपणानं बोला. क्रूझ पुढच्या वर्षी केली, तरी समुद्र कुठे जात नाही. कर्ज काढून करावी अशी ही गोष्ट नव्हे.

खोली कुठली?

बोटीवरच्या खोल्या साधारण तीन प्रकारच्या. आतली खोली, जिला खिडकीच नसते. दुसरी खिडकीची, तिथून समुद्र दिसतो पण खिडकी उघडत नाही. तिसरी सज्जाची, आणि ती सगळ्यांत महाग. आतली खोली स्वस्त असते आणि दिवसभर तुम्ही डेकवरच हुंदडणार असाल तर काही बिघडत नाही. फक्त दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळ झाली हे घड्याळच सांगणार.

खोली कुठे आहे हे मात्र पाहा. सी-सॉवर बसलात, की टोकाला बसलेला सर्वांत जास्त वर-खाली होतो आणि मधला जवळजवळ जागेवर राहतो. बोटीचंही तसंच. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर खोली लिफ्टच्या जवळ हवी, कारण बोटीवरच्या बोळांतून चालूनचालून पाय दुखतात.

आता एक भूगोलाचं कोडं. मुंबईहून गोव्याला जाताना बोट दक्षिणेकडे चाललेली असते. मग किनारा कुठल्या हाताला? डाव्या! सूर्य कोकणच्या डोंगरांमागून, म्हणजे डाव्या हाताला उगवणार आणि उजव्या हाताला समुद्रात बुडणार. परत येताना सगळं उलट. दर्यावर्दी डाव्या बाजूला 'पोर्ट' आणि उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात. रात्री डावीकडे लाल दिवा असतो, उजवीकडे हिरवा. समोरून येणाऱ्या बोटीचे दिवे पाहून ती कोणत्या दिशेला चालली आहे ते कप्तानाला कळतं.

बोट लागली तर?

काहींना गाडी लागते, तशीच बोटही लागते. असं का होतं? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक छोटंसं यंत्र आहे. ते मेंदूला सांगतं, "आपण हलतोय." डोळे मात्र खोलीच्या भिंती पाहून म्हणतात, "छे, सगळं जागच्या जागी आहे." दोघांच्या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळतं.

उपाय सोपा आहे : भांडण मिटवा. मोकळ्या डेकवर जा आणि दूर, आकाश-समुद्र मिळतात त्या रेघेकडे पाहा. मग डोळेही म्हणतात, "हो, हलतोय खरं." पुस्तक वाचू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तडस लागेपर्यंत भरूही नका. आल्याचा काही जणांना उपयोग होतो, तेव्हा आलेपाकाच्या चार वड्या जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर ती डॉक्टरांना विचारूनच, आणि बोट सुटण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

महागाचं तिकीट काढण्याआधी एक रंगीत तालीम करता येईल. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मोटारीसुद्धा पोटात घेऊन जाणारी ही बोट तासाभरात पलीकडे पोहोचवते. एक रविवार तिच्यातून जाऊन या. घरात कुणाला बोट लागते ते कळेल आणि सहलही होईल. क्रूझचा बेत नसला, तरी ही सफर कराच. समुद्र तोच, खारा वाराही तोच!

पिशवीत काय?

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि नंतर खोलीवर येतात. त्याला काही तासही लागू शकतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चश्मा, पोहण्याचे कपडे आणि एक जादा सदरा हातातल्या पिशवीत ठेवा. देशातल्या देशात जायचं तर सरकारी ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंसुद्धा. परदेशातलं बंदर असेल तर पासपोर्ट हवा आणि त्या देशाला लागत असेल तर व्हिसाही. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतच असतो. कपाटातून काढून त्यावरची तारीख आजच पाहा!

डेकवर रात्री वारा फार असतो, तेव्हा एक स्वेटर घ्या. ओल्या फरशीवर न घसरणारे बूट घ्या. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं.

सात छोटे, एक लांब

बोटीत चढलात की आधी काय करावंसं वाटेल? तलाव? आइस्क्रीम? थांबा. त्याआधी एक काम आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

बोटीवर संकट आलं, तर सात छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा वाजतो. तो ऐकला की प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. या जागेला 'मस्टर स्टेशन' म्हणतात. तुमची जागा कुठली ते कार्डावर किंवा खोलीच्या दारामागे लिहिलेलं असतं. बोट सुटताना याची कवायत होते. मोठी माणसंही कधीकधी हिचा कंटाळा करतात. त्यांना तुम्ही पुढची गोष्ट सांगा.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' नावाची प्रचंड बोट खडकावर आपटून कलंडली. बोटीवर चार हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी ३२ जण वाचू शकले नाहीत. त्याच दिवशी बोटीत चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. कुठे जायचं, काय घालायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटता क्षणीच घेणं सक्तीचं झालं.

म्हणून कवायत संपली की एक खेळ खेळा. खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने चालत जा, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. वाटेतली वळणं मोजा. मग आजीला किंवा धाकट्या बहिणीला घेऊन पुन्हा जा. खोलीत मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते विचारा. एवढं केलंत की खुशाल आइस्क्रीम खा. भीती वाटावी म्हणून हे सांगत नाही. वाट माहीत असली की भीती कमी होते.

समुद्रावर काय पाहाल?

बोट सुटताना खोलीत बसू नका. मुंबई बंदर शहराच्या पूर्व बाजूला आहे. बोट दक्षिणेकडे निघते आणि कुलाब्याचं टोक उजव्या हाताला मागे पडतं. तिथलं प्राँग्ज दीपगृह १८७५ सालापासून उभं आहे. डावीकडे खांदेरी-उंदेरीची बेटं. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तो थेट मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर! जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. रात्री त्यांच्या जवळून बोट जात नाही, पण नकाशावर बोट ठेवून "आता आपण विजयदुर्गासमोर असू" असं म्हणता येतंच.

ते कसं ओळखायचं? हिशेब करा. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि गोव्याचं मुरगाव बंदर साडेपंधरा अंशांच्या आसपास. फरक साडेतीन अंशांचा. एका अंशात ६० मिनिटं, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. साडेतीन गुणिले साठ म्हणजे २१० सागरी मैल. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक 'नॉट'. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजून वेग काढायचे. आपली बोट १५ नॉटने चालली, तर १४ तास लागतील. आणि १५ नॉट म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. बाबांची स्कूटरसुद्धा याहून जोरात पळते!

मोबाइल मात्र किनारा दूर गेला की मुका होतो. बोटीवरचं उपग्रहाचं जाळं आपोआप पकडलं गेलं, तर बिल भलतंच येऊ शकतं. म्हणून फोन 'फ्लाइट मोड'वर टाका आणि जुन्या पद्धतीने वेळ व जागा ठरवा : "दुपारी एक वाजता सगळ्यांनी मोठ्या जिन्यापाशी भेटायचं." जत्रेत करतो तसं.

कठड्यावर चढायचं नाही, हे सांगायलाच नको. तलावापाशी जीवरक्षक असेलच असं नाही, तेव्हा मोठं माणूस सोबत हवं. जेवणाआधी हात साबणाने धुवा, कारण बंद जागेत उलट्या-जुलाबाची साथ भराभर पसरते. आणि समुद्रात वेफरचं साधं पाकीटही टाकू नका. बोटींवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

बोट थांबत नाही

गोव्यात उतरायला मिळालेले तास मोजून वापरा. मुरगाव बंदराहून पणजी सुमारे ३० किलोमीटर. जुनं गोवं, किनारा, बाजार आणि देऊळ हे सगळं एका दिवसात उरकायला गेलात तर नुसती टॅक्सीची खिडकीच पाहाल. एकच ठिकाण निवडा. जवळच बोगमाळ्याला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. तिथे खरीखुरी जुनी विमानं पाहता येतात. फक्त सोमवार नाही ना ते पाहा, कारण सोमवारी ते बंद असतं. परतीची जी वेळ दिली असेल, तिच्या तासभर आधी धक्क्यावर हजर राहा. ठरलेल्या वेळी शिडी उचलली जाते आणि उशिरा येणाऱ्यांना बोट पाठमोरी दिसते.

पालकांसाठी चौकट

पैसे भरण्याआधी एवढे प्रश्न लेखी विचारा :

• सर्व कर आणि बक्षिसी धरून शेवटची रक्कम किती?
• बेत रद्द झाला तर किती पैसे परत मिळतील?
• हवामानामुळे बंदर गळलं तर काय?
• खोलीत चौघांना खरोखर चार बिछाने आहेत का, की सोफा?
• तान्ह्या बाळासाठी किमान वयाची अट काय? चाकाची खुर्ची मिळते का?
• शाकाहारी, जैन किंवा पथ्याचं जेवण आधी सांगावं लागतं का?
• प्रवास विम्यात बोटीवरचे औषधोपचार येतात का?

तर दोस्तांनो, तयारीची वाटणी अशी करा. तारीख आणि नकाशा तुमच्याकडे, हिशेब आईकडे, कागदपत्रं बाबांकडे आणि आगबोटीच्या गोष्टी आजोबांकडे. एक वही मात्र नक्की न्या. खलाशी ठेवतात तशी रोजनिशी लिहा : वेळ, वेग, वारा आणि काय दिसलं ते. डॉल्फिन दिसले तर किती, हेही. एखाद्या रात्री जेवणानंतर दहा मिनिटं संगीताच्या गोंगाटापासून दूर, डेकच्या एखाद्या शांत कोपऱ्यात घरातल्या सगळ्यांनी उभं राहा. दूरवर एखादं दीपगृह लुकलुकेल. प्रत्येक दीपगृहाची उघडमीट वेगळी असते, तिच्यावरूनच दर्यावर्दी त्याला ओळखतात. तुम्ही सेकंद मोजा आणि वहीत लिहा. घरी आल्यावर ते कुठलं होतं ते नकाशात शोधा पाहू!